कात्री आधी आपल्याला

आई,
इथूनच पाया पडते. तब्येत ठणठणीत आहे.

सरकारी तिजोरीत खडखडाट, म्हणून आमच्या खात्याला खर्च कमी करायचा होता. बैठकीत सगळ्यांचा डोळा गरिबांच्या स्वस्त धान्यावर. आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "कात्री आधी आपल्याला." सगळ्यात आधी त्यांनी स्वतःची सरकारी गाडी सोडली. आता माझ्याबरोबर चालत येतात. आमचा पगारही थोडा कापलाय, पण भागतं.

वाटेत त्यांना म्हटलं, आमच्या आईचीही हीच रीत. तंगीत आमची ताटं भरायची आणि स्वतःचं विचारलं की म्हणायची, "माझं मघाशीच झालं."

बाई चालता चालता थांबल्या. म्हणाल्या, "आता तरी जेवतात ना?"

जेवतेस ना? "मघाशीच झालं" हे उत्तर चालणार नाही.

तुझी थोरली