सरावाचा म्हातारा

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायला धीर होतोय. तू होतीस तेव्हा गेवराईहून चिठ्ठी पाठवली की ती तू गुरुजींकडून वाचून घ्यायचीस, आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या आळीला माझं कापसाच्या जिनिंगवर काय चाललंय ते कळायचं. त्यामुळं खुशालीपलीकडं मी कधी काही लिहिलं नाही. आता तशी भीती नाही. तरी तलवाड्याच्या तुझ्याच घरात बसून दाराला आतून कडी घातलीय, कारण शेजारचा शिंपी न विचारता आत येतो आणि काय लिहितोस म्हणून वाकून बघतो. सहावीपर्यंतचं माझं शिक्षण, अक्षर मोठं येतं, लांबून वाचता येतं.

तुला विचारायचं होतं की शेवटचं ते वर्ष तू कसं जमवलंस. तुझ्या घशाखाली घास उतरत नव्हता आणि ते मला कळू दिलं नाहीस. मी दर बाजाराच्या दिवशी तलवाड्याला यायचो, उंबऱ्यावर बसायचो, "कसं हाय माय" म्हणायचो. तू म्हणायचीस, "मला काय धाड भरलीय, तू तुझं बघ." जाताना चार भाकरी फडक्यात बांधून द्यायचीस. एकदा मी जरा जास्त वेळ तुझ्याकडं बघत बसलो तर मेंढरांवर ओरडावं तशी ओरडलीस, असा तोंडाकडं काय बघत बसतो म्हणून. तू गेल्यावर दहाव्याच्या दिवशी शिंप्याची आई मला म्हणाली, "रोज सांजच्याला तुझी माय चूल पेटवायची, पर वर तवाच ठेवत नव्हती. धूर दिसावा म्हणून नुसत्या काड्या जाळायची." तोवर मला वाटायचं, लपवायचं म्हणजे नुसतं बोलायचं नाही. त्यात इतकं काम असतं हे ठाऊक नव्हतं. आता ते काम माझ्याकडं आलंय आणि मला ते नीट येत नाही.

तू गेलीस तेव्हा तुझी नात नुकती पाऊल टाकायला लागली होती. ती पुढं समाजकार्याचं शिकली. दसऱ्यानंतर आपल्या भागातली घरंच्या घरं ऊसतोडीला जातात आणि मागं म्हातारी माणसं उरतात, हे तुला सांगायला नको. त्यांच्याकडं जायचं, खाल्लं का, गोळ्या घेतल्या का, कोणी दमदाटी करून अंगठा तर घेतला नाही ना, हे बघायचं, असं तिचं काम. बीडच्या एका संस्थेत तिनं ते बरीच वर्षं केलं. लग्न केलं नाही. तो विषय आता गावानंही सोडला. तिची आई गेल्यापासून मी आणि ती, दोघंच. मागच्या वर्षी तिला नेपाळहून बोलावणं आलं. तिथल्या डोंगरात ऊस नाही, पण पोरं आखातात कामाला जातात आणि म्हातारी तशीच मागं राहतात. तिथं असं काम करायला नव्यानं लागलेल्या माणसांना वर्षभर शिकवायचं. मी रात्रंदिवस एकच धरून बसलो, तिथं डोंगर खचतात, बसगाड्या दरीत जातात, थंडीनं छाती भरते. ती म्हणाली, "आबा, तेलगावच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या चालतात, तिथून मी रोज जातेच की."

शिंप्याला सांगितलं तेव्हा तो बटण लावत होता. मान वर न करता म्हणाला, "नेपाळ? तिथले लोक वॉचमनकीला आपल्याकडं येतेत अन् तुझी पोरगी उलटी तिकडं चालली?"

"शिकवायला चाललीय."

"पगार?"

"पगार नाही. राहणं-खाणं त्यांच्याकडं."

"मग जाती कावून बे? अन् परदेश परदेश काय लावलंय, त्याला पासपोर्टबी लागत न्हाई."

मी जन्मभर जिनिंगवर वॉचमनच होतो, म्हणून ते मला जरा लागलं. पण शिंपी वाईट माणूस नाही. पोरगी नेपाळला गेल्यावर काही महिन्यांनी मी शेळीच्या खोपटात पाय घसरून पडलो, तेव्हा दूध न्यायला तोच आला होता. हाड मोडलं नसावं असं मला वाटतं. चालता येतं, एकदा उभा राहिलो की शेळीपर्यंत आणि नळापर्यंत जातो. पण जमिनीवर बसलं की उठता येत नाही. आधी पालथं व्हायचं, मग हात टेकायचे, मग खांबाला धरून एकेक पाय गोळा करायचा. मधेच डोळ्यापुढं अंधारी येते. शिंपी म्हणाला, पोरीला कळवतो. मी म्हणालो, "कळवलंस तर ह्या घरात पाय ठेवू नकोस."

"मी पाय ठेवला न्हाई तर तुला उठवील कोण बे?"

पण त्यानं कळवलं नाही, हे खरं.

पोरगी दर रविवारी फोन करायची, त्यात तोंड दिसायचं. मी अर्धा तास आधीच भिंतीला टेकून बसायचो. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचो, म्हणजे छातीपासून वरचं दिसायचं. दाढी केलेली असायची. शर्ट इस्त्रीचा. फोन बंद झाल्यावर मग सावकाश उठायचो, कधी शिंपी येईपर्यंत तसाच बसून राहायचो. हे चांगलं चाललं होतं. मग तिनं दोन गोष्टी एकदम काढल्या. पहिली ही की तिथले लोक तिला आणखी सहा महिने राहा म्हणताहेत आणि महिनाअखेर सांगायचंय. दुसरी ही की तिला माझी मदत हवी होती.

"आबा, माझ्या वर्गाला सराव पाहिजे. तुम्ही एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याचं सोंग घ्यायचं."

"सोंग कशाला? मी एकटाच राहतो."

ती हसली. म्हणाली, "तसं नाही. त्या म्हाताऱ्याला काहीतरी त्रास आहे आणि तो सांगत नाही. माझी माणसं बोलून बोलून ते काढून घेणार. तुम्ही सहजासहजी द्यायचं नाही. त्रास कोणता तो तुम्हीच ठरवा, मलाही सांगू नका."

मी नको म्हणालो असतो तर तिला शंका आली असती. म्हणून हो म्हणालो आणि तिथून माझी झोप गेली. त्रास कोणता घ्यायचा? खरा घेता येत नव्हता. शुगर घ्यावी तर तिची औषधं विचारतील. शिंप्याला विचारलं तर म्हणाला, बायको छळते असं सांग. मला बायको नाही हे त्याच्या लक्षातच आलं नाही. शेवटी मी तुझाच त्रास घेतला, माय. घास उतरत नाही, आणि कोणाला कळू द्यायचं नाही. तुझी वाक्यं मला पाठ होती. ती मी शेळीपुढं उभा राहून म्हणून बघितली, आणि तोंडातून तुझाच आवाज निघाल्यासारखा झाला. त्या दिवशी मी दुपारी जेवलो नाही, का ते सांगता येत नाही.

वर्गाच्या दिवशी फोनच्या पडद्यावर पुष्कळ तोंडं होती. माझ्याशी बोलायला एक पन्नाशीची बाई पुढं बसली. गेवराईच्या बाजारात बांगड्या भरणारी असावी तशी, अंगानं भरलेली, सावकाश बोलणारी. ती बरीच वर्षं दिल्लीला राहिलेली, त्यामुळं तिला हिंदी येत होती. मला निजामाच्या वेळची आपल्याकडची हिंदी येते. मी दारात बसलोय आणि ती भेटायला आलीय, असं धरायचं होतं.

"बाबा, खाना खाया?"

"खाया ना. चूल रोज जलती. धुआँ सबकू दिखता."

"धुआँ तो मैंने भी देखा. चूल्हे पर क्या रखा था?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता आणि ह्या बाईनं पहिल्या झटक्याला विचारला. मी म्हणालो, "जो रहता वोच." मागची तोंडं हसली. मग तिनं पोरांचं विचारलं. मी म्हणालो, "वो अच्छा है, उसका काम बड़ा है, उसकू कायकू तकलीफ." हे तू कधी म्हणाली होतीस की मीच केलं, आता आठवत नाही. त्यानंतर ती गप्प बसली. पुढचं विचारेना, उठेना, नुसती बसून राहिली. माझी वाक्यं संपली होती. शांतता झाली की मला काहीतरी बोलावंसं वाटतं, हा माझा जुना दोष आहे, तो मी दाबून धरला. मग ती म्हणाली, "बाबा, दूर से चलके आई हूँ. प्यास लगी है. थोड़ा पानी पिलाओ."

आता दारात आलेल्या माणसानं पाणी मागितलं, तर बसून कसं राहायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही. तूच नाही शिकवलंस. मी "हौ हौ, लाता" म्हणालो आणि वळलो. पालथा झालो, हात टेकले, खांब धरला, एक पाय गोळा केला, दुसरा येईना म्हणून हातानं ओढून घेतला. माठ कोपऱ्यात आहे. अर्धा उठलो तेव्हा ध्यानात आलं की बाई नेपाळात आहे. तिला पाणी देणार कसं? मी तसाच खांबाला धरून राहिलो, फोनकडं पाठ करून. खाली बसता येईना आणि वर उठता येईना. मागून टाळ्या ऐकू आल्या. त्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं लई छान सोंग केलं. तुझ्या नातीचा आवाज त्यात नव्हता. तो नंतर आला. "आबा, सावकाश बसा. घाई करू नका." मग ती वर्गाशी इंग्रजीत बोलायला लागली, नेहमीच्या आवाजात. मी बसलो तेव्हा ती पुढची बाई टाळ्या वाजवत नव्हती. हात मांडीवर ठेवून माझ्याकडं बघत होती. फोन बंद झाला.

तो रविवार नव्हता. रविवार यायचा होता आणि मधल्या दिवसांत तिचा फोन आला नाही. मी ओळखलं की आता ती येणार. सहा महिने तर सोडाच, आहे तेही टाकून येणार. इथंच तुझं आणि माझं वेगळं आहे, माय, हे मला त्या दिवसांत बसल्या बसल्या कळलं. तू सांगितलं असतंस तर मी जिनिंग सोडून आलो नसतो. चार दिवस राहिलो असतो, डॉक्टरला दाखवलं असतं, आणि मालक बोलावतो म्हणून परत गेलो असतो. ते तुला माहीत होतं. मी का लपवतो, तर ती येईल म्हणून. तू लपवलंस ते मी येणार नाही म्हणून, असं मला वाटतं. चूक असेल तर असो. आता कोण सांगणार?

म्हणून मी तिच्यासाठी बोलणं तयार करत बसलो. म्हणणार होतो, माझ्यापायी तिथल्या म्हाताऱ्यांचं काम बुडवू नको. म्हणणार होतो, मी अजून शेळी पिळतो. ती रडली तर काय म्हणायचं आणि रागावली तर काय म्हणायचं, दोन्ही वेगवेगळं ठरवून ठेवलं होतं. शिंप्यापुढं ते म्हणून दाखवलं, तर तो म्हणाला, "लई लांबण लावतो. येऊ नको म्हण अन् गप बस."

रविवारी मी दाढी केली नाही. तिनं सुरुवातीलाच विचारलं, "कधी पडलात?" मी सांगितलं. कसा पडलो, किती वेळ तसाच होतो, अंधारी कधी येते, तिनं सगळं विचारून घेतलं. रडली नाही, रागावली नाही. डोळे सुजल्यासारखे होते, पण तिकडं थंडी असते. मग म्हणाली, "आबा, तुम्हाला काय हवंय? काय केलं तर बरं पडेल?" असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं, मी गडबडलो. म्हणालो, उंच बाज पाहिजे, खाली बसायला लागणार नाही अशी. न्हाणीत धरून उठायला भिंतीला लोखंडी नळी पाहिजे. सकाळी कोणीतरी हाक मारून जावं. तिनं तिथं बसूनच सगळं लावून दिलं. शिंप्याची सून सकाळी येणार, शिंपी मला जीपमध्ये घालून गेवराईला डॉक्टरकडं हाडाचा फोटो काढायला नेणार, आणि आठवड्यातून दोनदा ती फोन करणार. मग म्हणाली, "आणि मी ते सहा महिने राहते इथं. चालेल ना, आबा?"

मी म्हणालो, "चालेल की. न चालायला काय झालं."

आता बाज आलीय. मी तिच्यावर बसून हे लिहितोय, पाय खाली सोडून. डॉक्टर म्हणाला, हाड शाबूत आहे, कंबरेतली एक शीर दबलीय, औषधानं फरक पडेल. पडतोय थोडा. हे पत्र फाडायचं की गादीखाली ठेवायचं ते ठरवलं नाही, पाठवायचा तर प्रश्नच नाही. सगळं मला हवं होतं तसंच झालं. ती राहिली, काम बुडालं नाही, शिंप्याची सून चहा करूनही देते. फक्त "येऊ नको" म्हणायला मी इतके दिवस तयार होऊन बसलो होतो, आणि तिनं ते म्हणायची पाळीच येऊ दिली नाही. एकदा जरी "येते" म्हणाली असती, तरी मी नकोच म्हणणार होतो. ती म्हणाली नाही, याचं मला वाईट वाटलं, माय. हे शिंप्याला सांगितलेलं नाही, आणि तिला तर सांगणारच नाही.