पाचव्या मजल्यावरचा गिझर

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पाचव्या मजल्यावरच्या सित्त वदादना शॉक बसला! न्हाणीघरात नळाला हात लावला आणि चिकटल्या. शेजारणीनं मेन स्विच पाडला म्हणून वाचल्या. उजवा हात भाजलाय. सत्तरीच्या बाई, अजून त्याच हातानं नवरीच्या पोशाखांवर भरतकाम करतात.

आणि बोट कुणाकडे? माझ्याकडे! शेजारच्या इमारतीत आग लागली तेव्हा घाबरून याच लोकांनी माझ्याकडून सगळ्या बारा घरांची वीज तपासून घेतली होती. महिना झाला त्याला. आज इमारतीच्या कमिटीचे उस्ताज शफीक फोनवर — "मुअल्लिम फुआद, एवढे जुने वायरमन तुम्ही, आणि तुमच्या कागदावर गिझरपुढे 'ठीक' लिहिलंय. हे कसलं ठीक?" आयुष्यभर बँकेत बसलेला माणूस, साधा फ्यूज बदलता येत नाही, आणि मला जाब विचारतो!

गिझर मी तपासला होता. टेस्टर लावला, दिवा लागला नाही, म्हणजे गळती नाही. या डोळ्यांनी पाहिलंय. विषय संपला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

दोष द्यायचाच तर सरकारला द्या ना! दिवसातून तीन तास वीज, तीही कधी येईल ते त्यांनाही ठाऊक नाही. उरलेला दिवस गल्लीतल्या जनरेटरवर. त्याच्या पाच अँपिअरमध्ये दिवे लागतात, फ्रिज चालतो. गिझर लावला की सगळं घर अंधारात. म्हणून आम्हा बैरूतवाल्यांचा गिझर फक्त सरकारी तारेवर. सरकारी वीज आली की बायका हातातलं टाकून आंघोळीला पळतात. त्या दिवशी सित्त वदादही पळाल्या.

बायको, नुहा, म्हणाली, "चार घास खा तरी. मुजद्दरा गार होतोय." तिच्यावरच ओरडलो. तिचा काय संबंध?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

खाली जिन्यापाशी कमिटीची बैठक. शफीक वकिलासारखे उभे. "फुआदच्या तपासणीनंतर त्या न्हाणीघरात शेवटचा हात कुणाचा?"

सगळे नईम प्लंबरकडे वळले. त्यानं गेल्या आठवड्यात नळ दुरुस्त केला होता.

"अहो, नुसतं वॉशर बदललं मी! विजेच्या वाटेला जात नाही. घरी बल्बसुद्धा बायको बदलते!"

"मग तिलाच पाठवायचं होतंस!" दुसऱ्या मजल्यावरचा अंतून. हशा पिकला. नईमही हसला बिचारा, त्याला वाटलं प्रकरण मिटलं.

कुठलं मिटतंय! संध्याकाळी लिफ्टच्या दारावर शफीकांच्या अक्षरात कागद — 'प्लंबर नईम याला या इमारतीत कोणीही काम देऊ नये.' त्याची निम्मी कामं याच इमारतीतली.

मी तिथेच होतो. तोंडातून एक शब्द काढला नाही. माझी मान सुटली. मग एवढा संताप कशाचा होतोय?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

रस्त्यात नईम दिसला. गल्ली बदलली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

गिझर उतरवायला मलाच बोलावलं! "तुमच्याशिवाय भरवसा कुणावर ठेवायचा?" — शफीक. थोबाडीत मारावीशी वाटली. त्याच्या की माझ्या, कोण जाणे.

कॉइल बाहेर काढली. मधोमध तडकलेली, तिथूनच वीज पाण्यात उतरून नळात येत होती. तड्याच्या आतपर्यंत पाण्याचा चुना बसून दगड झालेला. एवढा चुना महिन्याभरात बसत नाही. पाच-सहा महिने तरी झाले असतील. म्हणजे मी टेस्टर लावला तेव्हाही ती तडकलेलीच होती.

कॉइल फडक्यात गुंडाळून घरी आणली. कुणाला दाखवली नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

मंगळवारचं पान वाचलं. शी! स्वतःच्या वहीतही वकिली!

दिवा लागला नाही, हे खरं. लागणार कसा? सकाळचे अकरा वाजले होते, घर जनरेटरवर होतं. गिझरच्या तारेत वीजच नव्हती! तीस वर्षं हे काम करतोय, मला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. मेगर लावला असता तर वीज नसतानाही गळती दिसली असती. मेगर खाली गाडीत. लिफ्ट बंद, पाच मजले, आणि हे माझे लाडके गुडघे! म्हटलं, सरकारी वीज येईल तेव्हा परत येऊन बघू. 'ठीक' मात्र तेव्हाच लिहून टाकलं. वीज आली तेव्हा घरी घोरत पडलो होतो.

शफीकला शिव्या, सरकारला शिव्या, नुहावर आरडाओरडा. आणि हरामखोर मी.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सित्त वदादकडे गेलो. त्यांची दोन बोटं वाकत नाहीत. कॉइल समोर ठेवली, सगळं सांगितलं. चार शिव्या तरी द्याव्यात! त्या बँडेजकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "नळाला हात लावला की मुंग्या यायच्या रे, उन्हाळ्यापासून. तू आलास त्या दिवशी सांगणारच होते. पण तू 'ठीक' लिहिलंस. मग म्हटलं, माझंच वय झालं."

खाली आलो. लिफ्टवरच्या कागदावरचं नईमचं नाव खोडलं. वर माझं लिहिलं.