आधी तेल, मग पाणी

ता. ६ जाने. १९३६, सोम.
शाळा सुटल्यावर ओट्यावर प्रार्थना. वखारीत मिरचीची देठं खुडणाऱ्या बायका आल्या. दोन वर्षं मी यांना गोळा करते आहे. दुपारी लेकरांना पाजायला सुटी हवी, एवढंच मागणं. एकमेकींत देव पाहा, मग शेठपुढे एका आवाजात बोलाल, हे माझं रोजचं सांगणं. आज रंगाऱ्याची बायको खतिजाबी पहिल्यांदा आली. तीही देठंच खुडते. सगळ्या तिच्याकडे सरकल्या. माझ्या बाजूचा ओटा मोकळा.

ता. ९, गुरु.
प्रार्थनेआधी हात धुवायचे, हा माझा नियम. खतिजाबीने घंगाळ बाजूला सारलं. "पहले तेल, मंग पानी." एकेकीचे हात मांडीवर घेऊन चोळत बसली. मिरचीच्या हाताला नुसतं पाणी लागलं की आग वाढते म्हणे. म्हणजे दोन वर्षं या माझ्यासमोर हात पोळत डोळे मिटून... पहिल्या दिवसापासून येणाऱ्या सखूला विचारलं, बोलली का नाहीस? "तुमले वाईट वाटी म्हनीसन, बाई."

ता. १०, शुक्र.
मीही तेल नेलं. सखूने हात पुढे केला, पण अवघडून. मी चोळत होते आणि लक्ष सगळं खतिजाबी बघते का याकडे. जळते आहे मी. इथे तरी खरं लिहावं.

ता. १४, मंगळ.
संक्रांत. खतिजाबीने तिळगूळ आधी माझ्याच हातावर ठेवला. "तुमीनच आमले एकजागे बसाडं, बाई." फार राग आला. वाईट असती तर बरं झालं असतं.

ता. १७, शुक्र.
सोमवारी सकाळी शेठकडे जायचं ठरलं. कोण बोलणार? मी पदर सावरला. सखू म्हणाली, "शेठसंगे खतिजाबी बोली. पन तिना नवरा तिले जाऊ नको म्हनस. त्यानी पोर तुमना शाळामा शे, तुमनं तो ऐकी." जाते म्हटलं.

ता. १८, शनि.
रंगाऱ्याकडे जाऊन आले. त्याने चौरंग पुसून दिला. मुलीचं वाचन चांगलं आहे, म्हटलं. चहा झाला. खतिजाबी आतल्या दाराशी उभी, मी विषय काढेन म्हणून. "येते," म्हटलं आणि उठले.
कोपऱ्यावर सखू थांबली होती. "काय म्हने तो?"
"बघू म्हणाला."
अजून उद्याचा दिवस आहे.