चांगल्या घरची मुलगी

सरोवराकाठ, १४ फेब्रुवारी २०१६

चि. रोहैनास,
मैसाराताईचा सलाम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

व्हॅनवाल्याबरोबर पालापा चटणीची बरणी पाठवली आहे. यंदा मिरची जरा जास्तच झाली, तुझ्या नवऱ्याला ठसका लागला तर बोल मला लावू नकोस. फोनवर बोलायची भीती वाटते, म्हणून हे पत्र.

अलिनोरचं लक्षण ठीक दिसत नाही. कॉलेज सोडून आला तेव्हा वाटलं, थकलाय, चार दिवस खाऊन-पिऊन ताळ्यावर येईल. पण ह्यांच्या वर्षाच्या कंदुरीला त्याने भाताचं शीत तोंडात घातलं नाही. मेलेल्यांच्या नावाने जेवणं घालणं हा म्हणे धर्मच नव्हे. बापाचा फोटोही भिंतीवरून उतरवला. परवा तर आईलाच सांगायला लागला, की आजी, तुझा नमाज चुकतो. आई म्हणाली, अरे, मी नमाज शिकले तेव्हा तुझा बाप रांगत होता. आम्ही सगळे पोट धरून हसलो. तो हसला नाही. गुरुवारी-शुक्रवारी कुठे जातो, सांगत नाही. शेजारची दोन मुलं अशीच डोंगरात, त्या बंदूकवाल्यांकडे गेली, तुला ठाऊकच आहे.

तुझ्या त्या आयांच्या मंडळाची मी थट्टा करायची, की बायका जमून पोरांच्या कागाळ्या करतात, ते तर मी घरबसल्या करते. आता विचारते, तिथे नक्की काय करता गं?

तुझीच,
मैसाराताई


इलिगान, २० फेब्रुवारी २०१६

ती. ताईस,
रोहैनाचा सलाम. वि. वि.

पालापा पोचला. ठसका मलाच लागला.

ताई, आधी एक कर. त्याच्याशी वाद घालू नकोस आणि कुणाला घालू देऊ नकोस. घरात भांडण होऊन पोरगा बाहेर पडावा, हीच तर त्या लोकांची इच्छा असते. जेवला नाही तरी ताट वाढत जा, शेजारी बसत जा. तो बोलेल ते ऐक, पटलं नाही तरी. आणि त्याला इकडे पाठव. आमच्याकडे एक उस्ताद आहेत, स्वतः तीन वर्षं डोंगरात राहून परत आलेले. मुलं त्यांचं ऐकतात, कारण ते उपदेश करत नाहीत.

आणि आमच्या मंडळातली जोहायरा आहे, मला पोटच्या पोरीसारखी. बाविशीची पोर, पण आईशी महिनोन्‌महिने न बोललेला मुलगा तिच्यापाशी तासभर बोलतो. मी तिला म्हणते, तुझ्या कानांत मध आहे का गं? तर म्हणते, मावशी, तुम्हा बायकांच्या शिव्या ऐकून ऐकून कान तयार झालेत.

एवढं मात्र ऐक. हे प्रकरण बापा मांगोर्सींच्या हाती देऊ नकोस. आपले सख्खे काका झाले तरी ते आधी घराण्याची अब्रू बघतील, मग पोर.

तुझीच धाकटी,
रोहैना


सरोवराकाठ, ९ एप्रिल २०१६

चि. रोहैनास,
सलाम व आशीर्वाद. वि. वि.

रागावू नकोस. बापांपासून लपवणं जमलं नाही. त्यांनी वडीलधाऱ्यांना बसवलं. उस्तादांकडे पाठवायचं नाही म्हणाले. आपलं पोर दुरुस्तीला पाठवलंय हे सरोवरभर झालं, तर तोंड कुठे दाखवायचं? त्यांचं एकच म्हणणं, लग्न लावून द्या. बायको आली, मूल झालं, की कसला डोंगर नि कसलं काय. आपल्याकडे किती उनाड पोरं अशीच मार्गाला लागली, खुद्द बापासुद्धा.

मुलगी कोण, म्हणून विचारलं तेव्हा माझ्या तोंडून तुझ्याच जोहायराचं नाव गेलं. बापा खूश झाले, म्हणाले, औषधच घरात येतंय. तिच्या आईनेही मान डोलावली, आपलं घराणं मोठं ना. अलिनोर तर एका शब्दात हो म्हणाला. एवढीच अट घातली, की लग्नात गाणं-वाजवणं नको. बिनागाण्याचं तर बिनागाण्याचं, पोर घरात राहतंय ना!

तू नाही म्हणू नकोस, तुझ्या पाया पडते.

मैसाराताई


इलिगान, १३ एप्रिल २०१६

ती. ताईस,
सलाम.

सहा महिने तरी थांबा. जो मुलगा बापाच्या कंदुरीचा घास घेत नाही, तो लग्नाला एका शब्दात हो म्हणतो, याची मला भीती वाटते. मी जोहायराशी बोलले. ती हसली. म्हणाली, मावशी, तुम्हीच तर शिकवलंत, ऐकून घेणाऱ्याचं कुणी काही बिघडवू शकत नाही. यावरचं उत्तर तुला सुचलं तर तिला सांग.

रोहैना


सरोवराकाठ, २७ सप्टेंबर २०१६

चि. रोहैनास,

मायना काय लिहू? तुझ्या कानावर आलंच असेल. लग्नाला सहा महिनेही झाले नाहीत, आणि गेल्या आठवड्यात सोमवारी अलिनोर नि जोहायरा बाजाराला म्हणून निघाली ती डोंगरात गेली. कुणी ओढून नेलं नाही. ती त्याच्या मागोमाग नाही, त्याच्या बरोबरीने गेली. आठवडाभर आधी तिने स्वयंपाकघरातला रेडिओ बंद केला, तेव्हाच मी समजायला हवं होतं. मला वाटलं, नवऱ्याचं मन राखतेय.

काल तिचे भाऊ अंगणात येऊन उभे राहिले, बंदुका घेऊन. म्हणाले, आमची पोर द्या, नाहीतर तुमच्यातला एक द्या. बापा आता समेटाची बोलणी लावताहेत. ते म्हातारे झालेत गं. आई रोज विचारते, नातसून कुठे गेली? मी सांगते, माहेरी.

तिला काही कळलं तर कळव. त्याचं नाही विचारत.

मैसाराताई


इलिगान, १६ ऑक्टोबर २०१६

ती. ताईस,
रोहैनाचा सलाम.

जोहायराचा तिच्या आईला एकदा फोन आला. खुशाल आहे. काय करतेस, विचारल्यावर म्हणाली, नव्याने आलेल्या पोरांना घरची आठवण येते, रडतात, पळून जायला बघतात. ती त्यांच्याजवळ बसते. ऐकून घेते. मग ती राहतात.

ताई, हे तिच्या आईने मला सांगितलं तेव्हा मी तिच्या पायांकडे बघत राहिले.

मंडळात आता कुणी येत नाही. जी आई आधी बोलते तिच्या घरावर संकट येतं, असं बायकांच्यात झालंय. उस्तादही गाव सोडून गेले. मी मात्र दर रविवारी खोली झाडून चटई टाकते. आज एक बाई आली, बाजारात मासे विकणारी. तिचा मुलगा आठवडाभर घरात जेवत नाही. मी वाद घालू नका, ताट वाढत जा, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. निघताना दारात थांबली, आणि हळूच विचारलं, की तुमच्या ओळखीत एखादी चांगल्या घरची मुलगी आहे का?

जपून राहा. माझ्यावरची माया जेवढी उरली असेल तेवढी राहू दे.

तुझीच,
रोहैना