दोन हायस्कुलं पाहून आले

प्रिय व्हर्लीन,

अक्षर बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे. हे पत्र कीओनानं नाही, आपल्या चर्चमधल्या लुडीनं लिहून घेतलंय. तुझी पोर आत्ता शाळेत आहे आणि तिला यातलं काही ठाऊक नाही. लुडीला मी बजावलंय, मी बोलेन तसंच उतरव, मधे स्वतःचं शहाणपण घालू नकोस. ती म्हणते, "ओझेला, एवढं तिखट या कागदाला झेपायचं नाही." झेपेल तेवढं पाठवते.

तू पाठवलेली ती रंगीत पुस्तिका मिळाली. काउंटीतली तिन्ही हायस्कुलं एकमेकांशेजारी उभी केलीत, बाजारात गाई उभ्या करतात तशी. कुठं किती मुलं पास होतात, किती कॉलेजात जातात, कुठं किती विषय शिकवतात. कीओनानं स्वयंपाकघरात बसून मला सगळी वाचून दाखवली, अगदी कोरड्या आवाजात. नॉर्थ मॅक्लेंडन सगळ्यात वर, सेंट्रल मधे, आणि आपलं साउथ तळाला. मी विचारलं, "जेवण कसं असतं ते लिहिलंय का गं?" म्हणाली, "नाही आजी." मग मी म्हटलं, ज्यानं हे छापलं त्यानं एकाही शाळेत पाऊल टाकलेलं नाही. एकतीस वर्षं मी साउथच्या भटारखान्यात काढली. मुलं काय टाकून देतात ते पिंपात डोकावून पाहिलं की मला शाळा कळते. खरं सांगू, पुस्तिकेपेक्षा तुझंच बोलणं मला जास्त लागलं होतं. "साउथमध्ये ठेवलीस तर पोरीचं नुकसान होईल," असं तू फोनवर म्हणालीस. अगं, त्याच साउथमधून शिकून तू नर्स झालीस. पण कीओना ऑगस्टपासून हायस्कूलला जाणार. माझ्याजवळ राहून साउथला जायचं की तुझ्याकडे राहून नॉर्थला, हे ठरायलाच हवं होतं. म्हणून गेल्या मंगळवारी मी आणि लुडी दोन्हीकडे जाऊन आलो. सेंट्रल ना तुझ्या वाटेवर ना माझ्या, त्याला सोडून दिलं. लुडीनं सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली, ते अजून तिच्या अंगातून जात नाही. स्वतःच्या गाडीतसुद्धा रेल्वेचे रूळ आले की थांबते, दार उघडते, कान देते आणि मगच पुढं जाते. रस्त्यावरची सगळी धूळ माझ्या मांडीवर.

आधी साउथ. मुख्याध्यापक स्वतः दारात उभे होते, पोरांच्या डोक्यावरच्या टोप्या काढून घेत होते. मला बघून त्यांनी मिठीच मारली. भटारखान्यात बर्नेटा अजून आहे. कुणाच्या घरी रात्री चूल पेटत नाही हे तिला न विचारता कळतं, त्या ताटात कॉर्नब्रेडचा दुसरा तुकडा आपोआप पडतो. पिंप रिकामं होतं. माझी छाती फुगली. लुडीला म्हटलं, चल, निकाल लागला. पण बाहेर पडताना व्यायामाच्या हॉलमध्ये पन्नासएक मुलं बसलेली दिसली. समोर कसलासा सिनेमा लावलेला. खेळाच्या मास्तरांना विचारलं, तर म्हणाले, "रसायनशास्त्राचा तास आहे हो, मिस ओझेला. ऑक्टोबरात बाई सोडून गेल्या, अजून दुसरं कुणी आलं नाही." ऑक्टोबर, व्हर्लीन. आता मे चाललाय. पोरं गुणी होती, गप्प बसली होती. त्यांनी दंगा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग नॉर्थ. तिथं दारातल्या बाईनं नाव विचारलं, एका चिकटपट्टीवर लिहिलं आणि माझ्या छातीवर चिकटवलं. तिनं काय लिहिलं ते तिला आणि देवाला ठाऊक. दिवसभर मी ते मिरवलं. कुणी मिठी मारली नाही. पिंपात अख्खी सफरचंदं पडलेली, दातसुद्धा न लागलेली. मी लुडीला म्हटलं, "बघ, यांना अन्नाची किंमत नाही." ती म्हणाली, "पुढं चल, खोट काढणारे." पुढं काचेची खोली होती. मुली डोळ्यांवर मोठाले चष्मे लावून ज्योतीवर काहीतरी धरत होत्या. आपल्या रंगाच्या चारच होत्या, मी मोजल्या. त्यातल्या एकीला बाई म्हणाल्या, "चुकलं. पुन्हा कर." पोरीनं तोंड वाकडं केलं आणि पुन्हा केलं. ज्योत हिरवीगार झाली, तशी ती एवढ्यानं ओरडली की काचेबाहेर ऐकू आलं. मी तिथंच उभी राहिले. शेवटी लुडीनं बाही ओढली.

परतताना लुडी विचारते, "मग, पुस्तिका खोटी का?" मी म्हटलं, "खोटी नाही. अर्धी आहे." पण ज्या अर्ध्यात हिरवी ज्योत आहे ते अर्धं मला खोडून काढता येईना. माझ्या लहानपणी तुलना करायला दुसरी शाळा कुठं होती? चर्चमागची एक खोली. कापसाची वेचणी लागली की ती बंद व्हायची, वेचणी संपली की उघडायची. पाठीवर पोतं पेलण्याएवढी मी झाले आणि माझ्यापुरती ती उघडलीच नाही. कुणी मला कधी "चुकलं, पुन्हा कर" म्हटलं नाही, कारण मी चुकण्याएवढं काही लिहिलंच नाही.

आता तुझ्या लेकीचं. मला सांगते, "आजी, मला साउथच बरं. तिथला बँड चांगला आहे." या पोरीला शिट्टी वाजवता येत नाही. गेल्या गुरुवारी ती अंगणात मैत्रिणीशी बोलत होती आणि मी आत पीठ मळत होते. म्हणाली, "मी गेले तर आजीच्या गोळ्या कोण वाचणार? साखरेच्या आणि रक्तदाबाच्या अगदी सारख्या दिसतात." माझे हात पिठातच राहिले.

तर हे पत्र का, ते ऐक. कीओनाच्या शाळाबदलीचा कागद आला का म्हणून तू दर रविवारी फोनवर विचारतेस आणि मी सांगते, ऑफिसचं काम, होतो उशीर. तो तीन आठवड्यांपूर्वी आला. पोस्टमन म्हणाला, "मिस ओझेला, काउंटीचं काहीतरी आहे," आणि मी तो रविवारी चर्चला घालायच्या टोपीच्या डब्यात, टोपीखाली ठेवून दिला. वाचता येत नसलं तरी लपवता येतं. काल लुडीकडून वाचून घेतला. पोर सांभाळणारी म्हणून कागदोपत्री नाव माझं, तेव्हा सही माझीच लागते, आणि या शुक्रवारी मुदत संपते. लुडी मला जे बोलली ते ती इथं लिहायला तयार नाही. सहीच्या जागी मी फुली मारलीय, तिनं साक्षीदार म्हणून सही केलीय, आणि आज दुपारी ती स्वतः हे पाकीट तुझ्या हातात देईल. माझ्या गोळ्या दर सोमवारी लुडी डबीत लावून ठेवणार आहे, ते तुझ्या लेकीला नीट समजावून सांग. पुढच्या शुक्रवारी शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागते. शनिवारी ये आणि तिला घेऊन जा. ऑगस्टपर्यंत थांबलीस तर माझं मन फिरेल. ती म्हणेल, मला जायचं नाही. ऐकू नकोस. मीही दारात उभी राहून काहीतरी सांगेन, गुडघे दुखतात म्हणेन, जेवून जा म्हणेन. तेही ऐकू नकोस. गाडी बंद करू नकोस.

तुझीच, खोट काढणारी
आई