मोहरी भरलेली उशी

५ जून, गुरुवार
खिडकीवाली आली नाही! दवाखान्याबाहेरच्या बाकावर दोन तास बसले. औषध चढवायच्या खोलीत सहा महिने आमच्या खुर्च्या शेजारी. खिडकीची खुर्ची ती कुणाला द्यायची नाही, म्हणून खिडकीवाली. कॅन्सरपायी माझी डावी छाती काढली, तिची उजवी. शेवटच्या दिवशी तिनंच ठरवलं — "उपचार संपले तरी दर गुरुवारी खाली बाकावर. घरच्यांना सांगवत नाही ते एकमेकींना सांगायचं." मोठी आली सांगणारी!

६ जून
फोन उचलत नाही.
मुलगा म्हणतो, "आई, रिपोर्ट चांगला आलाय, आता तो विषय बंद." बंद करायला माझं अंग म्हणजे काय कपाट आहे? सून म्हणते, "वाचलात ना, मग हसा की!" हसते. आहेत तेवढे दात दाखवते. अंघोळीला गेलं की आरशावर टॉवेल टाकते, ते कुणाला सांगू? तिला सांगणार होते.

१२ जून, गुरुवार
आजही नाही. बाकावर मी आणि एक कुत्रं. कुत्रं तरी थांबलं.

१३ जून
सगळा राग मशीनवर. एकाच ब्लाउजची बाही दोनदा उलटी लावली.
तिच्या चोळीतली उशी मीच शिवली होती. विकतची टोचायची. मऊ सुती कापड, आत कापूस, तळाला मूठभर मोहरी — वजन नसलं तर चालताना गळ्याशी येते. घालून बघितली नि म्हणाली, "शिंपीणबाई, माझी खरी कधी इतकी शहाण्यासारखी बसली नाही गं!" टाके दुखेपर्यंत हसलो.
गरज सरो, वैद्य मरो. मी तर वैद्यही नाही, आणि मेलेही नाही.

१९ जून, गुरुवार
चपला घातल्या. काढल्या. गेले नाही.

२० जून
आज तिनंच फोन केला! "बरी आहेस ना गं?"
"आता आठवण झाली? होतीस कुठं?"
"घरची कामं गं."
"बरी झालीस तशी मला विसरलीस. आजारी होतीस तेच बरं होतं!"
मी फोन आपटला.

२५ जून
तिची मुलगी आली. पिशवीतून उशी काढली. वाटलं, परत करतेय. हातच पुढे केला नाही.
"मावशी, आईनं नमुन्याला दिलीय. याच मापाची अजून एक हवी. डाव्या बाजूची."
दाराची चौकट धरली मी.
"महिना झाला, परत चालू झालंय. दर गुरुवारी औषध असतं. 'तिचं संपलंय, तिला परत यात ओढू नकोस,' म्हणाली. खिडकीतून बाक दिसतो ना... मागच्या गुरुवारी तुम्ही दिसला नाहीत, तर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता."

२६ जून, गुरुवार
सकाळी सातलाच वर येऊन खिडकीची खुर्ची अडवून बसलेय. येऊ दे तिला. भांडायचंय.