नाल्याकडच्या घराचा पाया

बाबा, मोर्शीच्या आपल्या लेआउटमधलं नाल्याकडचं घर परवा पाडलं. तुम्ही शेवटची वर्षं जिथं काढली, तेच. मला कोणी बोलावलं नव्हतं, मी आपणहून काठी टेकत गेलो. नव्या मालकाच्या गवंड्यानं पाया उकरला आणि मला एक गोष्ट विचारली. ती शेवटी सांगतो, आत्ता हिंमत नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी मॅट्रिक, वर अमरावतीला ठेकेदाराकडे दोन वर्षं काढून आलेला, म्हणजे मला सगळंच कळत होतं! गावाबाहेर काळ्या मातीचा तुकडा घेतला, सहा प्लॉट पाडले आणि भाड्याच्या खोलीत जन्म काढणाऱ्या शिपाई-कंपाउंडरांसाठी दोन-दोन खोल्यांची घरं काढली. गवंडी तुम्ही. तुमच्या भिंतीला तडा गेल्याचं तालुक्यात कोणी ऐकलं नव्हतं. तुम्ही स्वतः पायाच्या खड्ड्यात उतरायचात, चप्पल काढून टाच आपटायचात. काळ्या मातीत टाच रुतते, खालच्या कडक मुरमावर वाजते. वाजली की मगच पहिला दगड.

पाच घरं तशीच झाली. नाल्याकडे मात्र मुरूम लागेचना. कमरेइतकं खणून झालं आणि मी मजुरांना थांबवलं, कारण दिवाळीच्या आत ताबा द्यायचा शब्द मी लोकांना देऊन बसलो होतो. तुम्ही खाली उभे, मी वर. तुम्ही म्हणालात, "अजून काळीच हाय. पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. मुरूम लागेस्तोर खंदू दे, बाप्पा." मी मजुरांदेखत म्हणालो, "बाबा, तुमाले थापी समजते, धंदा नाई समजत. भरा दगड." बाहेर यायला तुम्ही हात वर केला होता, तो मी धरला नाही असं मला आठवतं. कदाचित तुम्ही केलाच नसेल. दगड मात्र तुम्हीच भरले.

ते घर सरकारी दवाखान्यातल्या आयाबाईनं घेतलं. नवरा नाही, दोन मुली. पुढच्या उन्हाळ्यात खिडकीपासून खाली बोट जाईल एवढी भेग पडली. ती सांगायला आली तर मी म्हणालो, नवा गिलावा आहे, फाटतोच. भेग बुजवून वर चुना मारून दिला. मला माहीत होतं, बाबा. पुढच्या वर्षी तिथं हात जायला लागला. मग ती आपल्या दारात चार लोकांसमोर उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "भाऊ, त्या भिंतीपाशी माह्या लेकी झोपतेत."

मी तुमच्याकडे पाहिलं. का पाहिलं, ते आपल्या दोघांनाच ठाऊक. तुम्ही ओट्यावरून उठलात. "पाया माह्याच हातून चुकला, बाई. मुरूम लागला असं वाटलं मले."

आठ दिवसांत तुम्ही तिला तुमचं गावातलं घर दिलं आणि आईला घेऊन त्या फाटक्या घरात राहायला गेलात. दर उन्हाळ्यात स्वतःच भेग भरायचात. तालुक्यात पुन्हा कोणी तुम्हाला कामावर बोलावलं नाही. मला मात्र कामं मिळत गेली, वलगावला, अचलपूरला. तिथं मी मुरूम लागेपर्यंत खणलं, चप्पल काढून, टाच आपटून. लोक म्हणायचे, पोरगा बापापेक्षा पक्का निघाला. मी हसून घ्यायचो. लाज वाटायची, पण काम सोडण्याइतकी नाही.

आता परवाचं. तो गवंडी कमरेइतक्या खड्ड्यात उभा होता. म्हणाला, "काका, एवढासा पाया? कोनं धरला होता हा?"

मी म्हणालो, "माह्या बापानं."

हे पत्र तुमच्या फोटोच्या मागे ठेवणार होतो. पण तो फोटो माझी सूनबाई रोज पुसते, आणि हे तिच्या हाती पडलेलं मला नको आहे.